मानेमागचा ‘एस’: कोरियाची सामिक कंपनी कशी वाढली

ओळखीतल्या एका मुलाने जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली आणि कौतुकाने दाखवायला घरी आणली. खुंट्यांच्या वरच्या पट्टीवर ऐटदार अक्षरांत ‘एपिफोन’ लिहिलेलं. एपिफोन हा अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीचा ब्रँड. “काका, अमेरिकन आहे,” तो म्हणाला. मी गिटार उलटी केली. मानेच्या मागच्या बाजूला बारीक छापलेला एक क्रमांक होता. त्याचं पहिलं अक्षर होतं एस, आणि पुढे आकडे. नव्वदच्या दशकातल्या एपिफोनवर पहिलं अक्षर सहसा कारखान्याचं असतं आणि त्यामागचे आकडे साल-महिन्याचे. एस म्हणजे सामिक. गिटार दक्षिण कोरियात बनलेली होती.

मुलाचा चेहरा जरा पडला. पडायचं काहीच कारण नव्हतं. गिटार सुरेख होती, मान सरळ होती, फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, व्यवस्थित घासलेले होते. पण त्याच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तो मला महत्त्वाचा वाटतो: बनवली एकाने, तर नाव दुसऱ्याचं का?

सामिकची सगळी वाढ या एका प्रश्नाभोवती फिरते. १९५८ साली, युद्धाने मोडून पडलेल्या देशात सुरू झालेली ही कंपनी पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या पियानो आणि गिटार उत्पादकांपैकी एक झाली. मग दिवाळखोरीत गेली, त्यातून उठली, आणि एक वेळ अशी आली की स्टाइनवे या पियानोजगातल्या सर्वांत मानाच्या कंपनीत सगळ्यात मोठा हिस्सा तिच्या हातात होता. हे कसं झालं ते समजून घ्यायला थोडं लाकूड, थोडं चलन आणि थोडा कायदा समजून घ्यावा लागतो. यातलं काहीही अवघड नाही.

कोरियात पियानो आला १९०० साली. साइडबॉथम नावाच्या अमेरिकन मिशनरी दांपत्याने तो मागवला होता. मार्च महिन्यात नाकडोंग नदीतून बोटीने तो देगू शहराजवळच्या सामुन्जिन घाटावर उतरला, आणि तिथून तीसेक हमालांनी तो खांद्यावर वाहत शहरात नेला. बंद पेटीतून आवाज येतो म्हटल्यावर बघायला जमलेल्या लोकांनी त्याला नाव दिलं ‘भुताची पेटी’. आज त्याच घाटावर दर वर्षी शंभर पियानो एकत्र वाजवण्याचा कार्यक्रम होतो. भुताच्या पेटीपासून शंभर पियानोंपर्यंत जाताना मध्ये जे घडलं, त्यात सामिकचा वाटा मोठा आहे.

१९५०-५३ च्या युद्धानंतर दक्षिण कोरिया आशियातल्या गरीब देशांच्या पंगतीत बसलेला होता. अशा देशात पियानोचा धंदा काढावा असं कुणाला वाटेल? पण दोघांना वाटलं. १९५६ मध्ये किम आडनावाच्या तीन भावांनी यंग चांग ही कंपनी सुरू केली. दोन वर्षांनी ली ह्यो-इक यांनी सामिक सुरू केली. ‘साम’ म्हणजे तीन आणि ‘इक’ म्हणजे लाभ. ली यांनी पहिल्याच दिवशी पियानो बनवायला घेतला नाही. ते अमेरिकेच्या बाल्डविन पियानोचे कोरियातले विक्रेते होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी परदेशी सुटे भाग आणून थोडे उभे पियानो जोडायला घेतले. त्या पियानोंना नाव दिलं ‘होरुगेल’. कानाला जर्मन वाटावं असं. नावाची ही निवड लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आधी विकायचं, मग जोडायचं, मग बनवायचं. आपल्याकडे मोटारी आणि टीव्ही याच वाटेने आले. पियानोच्या बाबतीत ही वाट विशेष लांब असते, आणि त्यासाठी एकदा पियानोच्या पोटात डोकवायला हवं.

पियानोला ८८ पट्ट्या असतात, पण तारा जवळपास २३०, कारण मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला तीन-तीन तारा लागतात. प्रत्येक तार साधारण ७०-७५ किलोच्या ताणाने ओढलेली असते. सगळ्यांचा मिळून ताण भरतो १६ ते २० टन. म्हणजे घराच्या कोपऱ्यात शांत उभा असलेला पियानो दिवसरात्र मालाने भरलेल्या एका मोठ्या ट्रकइतका भार अंगावर घेऊन उभा असतो. हा भार नुसतं लाकूड पेलूच शकत नाही, म्हणून आत बिडाची एकसंध ओतीव चौकट असते. चौकटीच्या मागे साउंडबोर्ड, म्हणजे स्प्रूस लाकडाचा पातळ, किंचित फुगीर पडदा. तारेचा आवाज मुळात अगदी क्षीण असतो. तो मोठा करून खोलीभर पसरवायचं काम हा पडदा करतो. आणि पट्टी दाबल्यावर तारेवर आपटणाऱ्या, नमद्याने मढवलेल्या हातोड्या, त्यांना उचलणाऱ्या, अडवणाऱ्या, सोडणाऱ्या छोट्या छोट्या लाकडी कांड्या. एका पियानोत असे हजारो भाग असतात.

बाहेरची पेटी कुठलाही चांगला सुतार करू शकतो. चौकट ओतायला भट्टी आणि साचे लागतात. हातोड्यांची यंत्रणा करायला मिलिमीटरच्या दहाव्या भागाशी खेळणारे हात लागतात. म्हणूनच कुठलाही नवा देश पेटीपासून सुरुवात करतो आणि पोटातलं यंत्र बराच काळ बाहेरून मागवतो. सामिकने वर्षं घालवून एकेक भाग स्वतःच्या कारखान्यात आणला. १९६४ पर्यंत तिचे पियानो देशाबाहेर जाऊ लागले. त्याच वर्षाच्या ३० नोव्हेंबरला दक्षिण कोरियाची एकूण निर्यात १० कोटी डॉलरवर पोचली आणि तो दिवस ‘निर्यात दिन’ म्हणून साजरा होऊ लागला. निर्यात हा तिथे नुसता धंदा नव्हता, सरकारचा ध्यास होता. निर्यात करणाऱ्याला कर्ज, परवाने, मान सगळं मिळायचं. बाहेरून येणाऱ्या मालावर जबर कर बसवून घरची बाजारपेठ राखून ठेवलेली होती. घरी स्पर्धा कमी आणि बाहेर विकायची घाई, या दोन गोष्टींनी कोरियन पियानो वाढला.

कारखाना इंचॉनमध्ये असण्यालाही अर्थ होता. इंचॉन हे सोलजवळचं बंदर. साठ-सत्तरच्या दशकात आग्नेय आशियातून ओंडके बोटींनी तिथे उतरायचे आणि प्लायवूड होऊन परदेशी जायचे. प्लायवूड तेव्हा कोरियाच्या मोठ्या निर्यातींपैकी एक होतं. लाकूड कापणारी, वाळवणारी, चिकटवणारी माणसं त्या गावात होती. यंग चांगचा कारखानाही इंचॉनलाच उभा राहिला.

आता लाकूड वाळवणं. हा भाग मला सगळ्यात जास्त सांगावासा वाटतो, कारण वाद्याचं सगळं नशीब इथे ठरतं. लाकूड कापल्यानंतरही जिवंत असल्यासारखं वागतं. हवेत दमटपणा आला की पाणी पितं आणि आडव्या अंगाने फुगतं. हवा कोरडी झाली की आकसतं. पियानोचा साउंडबोर्ड पावसाळ्यात फुगतो, तारांना वर ढकलतो, सूर चढतो. कोरड्या दिवसांत तो बसतो, सूर उतरतो, फार कोरडं झालं तर पडद्याला चीर जाते आणि खुंट्या सैल होतात. कोकणात किंवा गोव्यात ज्यांच्या घरी जुना पियानो आहे, त्यांना जुलैत पट्ट्या अडकतात म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. पेटीच्या आत खालच्या बाजूला एक छोटा बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती त्यासाठीच आहे.

कोरियाचं हवामान वाद्याची दोन्ही टोकांनी परीक्षा घेतं. उन्हाळ्यात पावसाचे ओले आठवडे, आणि हिवाळ्यात हाडं गोठवणारी कोरडी थंडी. त्यात कोरियन घराची जमीनच तापवलेली असते. ‘ओन्दोल’ म्हणतात त्या पद्धतीला. माणसाला ती उबदार जमीन सुखाची वाटते, पण तिच्यावर उभ्या असलेल्या पियानोचं लाकूड खालून सुकत जातं. म्हणून लाकूड भट्टीत नेमक्या ओलाव्यापर्यंत वाळवायचं, मग काही काळ तसंच मुरू द्यायचं, मग कापायचं. घाई केली की चूक लगेच दिसत नाही, दोन वर्षांनी गिऱ्हाइकाच्या घरी दिसते. सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेत गेलेल्या कोरियन पियानोंची सुरुवातीची बदनामी बरीचशी याच कारणाने झाली. तिथल्या हीटर लावलेल्या कोरड्या घरांत लाकूड आकसलं, पट्ट्या आणि जोड बिघडले. कोरियन कंपन्यांनी यातून धडा घेतला. सामिकने जर्मन पियानो-रचनाकार क्लाउस फेनर यांच्याकडून तारांची नवी आखणी करून घेतली. तारेची लांबी, जाडी आणि ताण यांचं गणित पक्कं नसेल तर कितीही चांगलं लाकूड वापरा, मंद्र सप्तकातला आवाज घुमत नाही, नुसता गुरगुरतो.

१९६५ मध्ये सामिकने गिटार बनवायला सुरुवात केली. पियानोवाल्याने गिटारीत का पडावं? कारखान्याच्या बाजूने पाहिलं तर उत्तर सोपं आहे. गिटारीचा वरचा पडदाही बहुतेक वेळा स्प्रूसचाच. लाकूड विकत घेणारा माणूस तोच, वाळवायची भट्टी तीच, पातळ थर चिकटवायची यंत्रं तीच, पॉलिशचे फवारे तेच. पियानोच्या पडद्याला उपयोगी न पडणाऱ्या छोट्या मापाच्या चांगल्या फळ्या गिटारीला चालतात. शिवाय पियानो महाग, हळू विकला जाणारा. गिटार स्वस्त आणि भराभर खपणारी. एकीचे पैसे फिरते राहतात तेव्हा दुसऱ्याला दम धरता येतो.

गिऱ्हाइकही तयार होत होतं. सत्तरच्या दशकातल्या कोरियन तरुणांची ओळख सांगायला आजही तीन गोष्टी एकत्र बोलतात: जीन्स, साधी लाकडी गिटार आणि ताजी बिअर. आणि घराघरात, जरा पैसा आला की, पियानो. कोरियात गल्लोगल्ली पियानोच्या शिकवण्या निघाल्या. मुलं बायरच्या सरावाच्या पुस्तकापासून सुरू करायची आणि चेर्नीच्या अवघड पुस्तकांपर्यंत पोचायची. “चेर्नी कितवं झालं?” हा तिथल्या एका अख्ख्या पिढीला ऐकावा लागलेला प्रश्न आहे, आपल्याकडे गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलाला “कितवी परीक्षा?” विचारतात तसा. ज्या पालकांनी स्वतः भुकेचे दिवस पाहिले होते, त्यांनी मुलीसाठी हप्त्याने पियानो घेतला. हा मला या कथेतला सगळ्यात हळवा भाग वाटतो. आकड्यांत तो ‘देशांतर्गत मागणी’ म्हणून दिसतो, पण प्रत्यक्षात ती आईवडिलांची जिद्द होती.

आता त्या ‘एस’ कडे वळू. भोसरी, चाकण किंवा अंबडच्या एमआयडीसीत काम केलेल्यांना हे चटकन कळेल, कारण तिथे यालाच जॉबवर्क म्हणतात. मोठी कंपनी आराखडा देते, मापं देते, आपलं नाव कुठे छापायचं ते सांगते. कारखाना माल बनवून देतो. बाजारात माल मोठ्या कंपनीच्या नावाने जातो. सामिकने गिटारींचं जॉबवर्क प्रचंड प्रमाणावर केलं. कोरियातून अमेरिकेत गेलेल्या, अमेरिकन नावांच्या असंख्य गिटारी इंचॉनच्या हातांनी बनलेल्या आहेत.

हे काम कोरियाकडे का आलं? त्यासाठी एपिफोनचा प्रवास पाहा. गिब्सनने १९५७ मध्ये एपिफोन विकत घेतली. तेव्हा गिटारी अमेरिकेतच बनत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्वस्त पडतं म्हणून काम जपानला गेलं. ऐंशीच्या दशकात ते कोरियाला आलं. पुढे २००० नंतर चीनला गेलं. नाव जागेवर राहिलं आणि काम देश बदलत राहिलं.

जपानकडून कोरियाकडे जाण्यामागे मजुरी होतीच, पण त्याला मोठा धक्का दिला चलनाने. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच श्रीमंत देशांनी करार केला की डॉलर स्वस्त होऊ द्यायचा. तेव्हा एका डॉलरला साधारण २४० येन मिळत. दोनच वर्षांत तो भाव १५० च्या खाली घसरला. याचा गिटारीशी काय संबंध? समजा, जपानी कारखान्याला एक गिटार बनवून थोडा नफा धरून २४,००० येन हवेत. जुन्या भावाने ती अमेरिकन दुकानदाराला १०० डॉलरला पडायची. येन १५० झाल्यावर तीच गिटार १६० डॉलरला. कारखान्याने एक पैसा वाढवला नाही, लाकूड तेच, कारागीर तेच, तरीही माल महाग झाला. अमेरिकन कंपन्यांना दुसरीकडे बघावंच लागलं. आणि कोरियात वीस वर्षं लाकडाशी झगडून तयार झालेला सामिक उभा होता.

जॉबवर्कमध्ये कंपनी झपाट्याने शिकते. अमेरिकन निरीक्षक येऊन माल नाकारतो तेव्हा चूक काय ते नेमकं कळतं. कारखाना भरलेला राहतो. पण त्यात एक उणीव आहे आणि ती फार खोल आहे. दुकानात गिऱ्हाईक गिटार उचलतं तेव्हा त्याच्या मनात विश्वास जमा होतो तो पुढे छापलेल्या नावावर. बनवणाऱ्याच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. उद्या दुसऱ्या देशाने पाच डॉलर कमी सांगितले की काम उठून जातं आणि बनवणाऱ्याकडे यंत्रं उरतात. सामिकने स्वतःच्या नावानेही गिटारी विकल्या, चांगल्या विकल्या. तरी ज्या गिटारीवर ‘सामिक’ लिहिलं आहे ती, त्याच कारखान्यातल्या, तशाच लाकडाच्या ‘एपिफोन’पेक्षा जुन्या बाजारात सहसा स्वस्त जाते.

मग कोरियाचीही पाळी आली. १९८७ च्या जूनमध्ये लोक लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरले, आणि त्याच उन्हाळ्यात देशभरच्या कारखान्यांत संपांची लाट आली. पगार वाढले. वाढायलाच हवे होते; वर्षानुवर्षं लांब पाळ्या आणि तुटपुंज्या मजुरीवर ती निर्यात उभी होती. पण वाद्याच्या कारखान्यात हाताचं काम फार असतं. गिटारीची मान घासणं, फ्रेटची टोकं गोल करणं, पियानोच्या हातोड्या एकेक करून जमवणं, पॉलिशवर पॉलिश. मजुरी वाढली की किंमत सरळ वाढते. १९९२ मध्ये सामिकने इंडोनेशियात, जकार्ताजवळच्या बोगोर जिल्ह्यात चिलुंग्सी इथे कारखाना काढला. इतर कंपन्याही बाहेर पडल्या. यात माणसांची फरफट झाली हे विसरून चालणार नाही. कॉर्ट या दुसऱ्या कोरियन गिटार कंपनीने २००७ मध्ये देशातले कारखाने बंद केले, तेव्हा नोकरी गेलेल्या कामगारांचा लढा २०१९ पर्यंत चालला. बारा वर्षांहून अधिक. स्वतः वर्षानुवर्षं गिटारी बनवलेल्या त्या कामगारांपैकी काहींनी लढ्याच्या काळात गिटार वाजवायला शिकून आपला बँड काढला.

नव्वदच्या दशकात घरची बाजारपेठही आटली. पियानो चाळीस-पन्नास वर्षं टिकतो. ज्यांना घ्यायचा होता त्यांनी घेऊन झाला होता. मुलं कमी जन्माला येत होती. लोक उंच इमारतींत राहायला गेले होते, आणि वरच्या मजल्यावरचा आवाज हे कोरियन शेजाऱ्यांच्या भांडणाचं मोठं कारण आहे. हेडफोन लावून वाजवता येणारा डिजिटल पियानो तिथे हवाच होता. यंग चांगने १९९० मध्येच अमेरिकेची कर्झवाइल ही इलेक्ट्रॉनिक वाद्यांची कंपनी घेऊन टाकली होती. कर्ज काढून वाढलेल्या सामिकला मागणीची ही ओहोटी सोसली नाही. १९९६ मध्ये तिचे हप्ते थकले आणि कंपनी न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली. पुढच्याच वर्षी आशियाई आर्थिक संकटाने सगळा देश हलवला, म्हणजे सावरायलाही वेळ वाईट मिळाला. न्यायालयाची देखरेख म्हणजे कंपनी बंद होत नाही. कर्ज देणाऱ्यांची वसुली थांबवली जाते, कारखाना चालू ठेवला जातो आणि नवा मालक शोधला जातो. तो २००२ मध्ये मिळाला: किम जोंग-सप यांची स्पेको, बांधकामाची यंत्रं करणारी कंपनी.

नव्या मालकाने दोन वर्षांत एक धाडसी चाल खेळली. २००४ मध्ये सामिकने आपल्या जन्माच्या प्रतिस्पर्ध्याचे, यंग चांगचे, निम्म्याच्या जवळपास शेअर विकत घेतले. यंग चांगही अडचणीत होती. वरवर पाहता दोन बुडणाऱ्यांनी हात धरले यात वाईट काय? पण दोघींची बेरीज केली तर कोरियातल्या नव्या उभ्या पियानोंच्या बाजारातला सुमारे ९२ टक्के हिस्सा होत होता. तिथल्या स्पर्धा आयोगाने शेअर विकून टाकण्याचा आदेश दिला.

या प्रकरणात दोन युक्तिवाद झाले आणि दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत. सामिकचं पहिलं म्हणणं होतं की बाजारात फक्त नवे पियानो मोजू नका, बाहेरून येणारे जुने पियानोही मोजा. मग आमचा हिस्सा इतका दिसणार नाही. आयोगाने विचारलं, नव्या पियानोची किंमत थोडी वाढली तर घ्यायला आलेला माणूस जुना घेईल का? बहुतेक जण घेणार नाहीत, कारण दोघांचं गिऱ्हाईक वेगळं, म्हणून बाजारही वेगळा. स्पर्धेच्या कायद्यात ‘बाजार’ दुकानांच्या संख्येवर ठरत नाही, तो गिऱ्हाइकाच्या मनातल्या पर्यायांवर ठरतो. दुसरं म्हणणं असं होतं की यंग चांग बुडतेच आहे, आम्ही नाही घेतली तर संपेल. पण हा बचाव चालायला आणखी एक गोष्ट सिद्ध करावी लागते: दुसरा कुणीही घेणारा नाही. ते सिद्ध झालं नाही. आदेशानंतर यंग चांग कोलमडली, न्यायालयात गेली, आणि २००६ मध्ये ह्युंदाई डेव्हलपमेंटने ती खरंच विकत घेतली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आयोगाची बाजू उचलून धरली. मला हा निर्णय बरोबर वाटतो. पियानो घेणाऱ्या कोरियन आईबापांना दुकानात दोन नावं दिसणं गरजेचं होतं.

देशात वाढायची वाट अशी बंद झाली. बाहेरची उघडी होती, आणि तिथे सामिकने त्या दशकात जे विकत घेतलं ते कारखान्यांपेक्षा जास्त करून नावं होती. बर्लिनच्या १८५३ साली स्थापन झालेल्या बेखश्टाइनमध्ये तिने हिस्सा घेतला, काही वर्षांनी तो सोडला. १८३७ मध्ये बाल्टिमोरला सुरू झालेल्या नाबे या अमेरिकन पियानोचं नाव तिच्याकडे आलं. २००८ मध्ये तिने जर्मनीची झायलर ही कंपनी घेतली. होरुगेल हे जर्मन वाटणारं नाव पन्नास वर्षांपूर्वी नुसतं छापलं होतं. आता खरं जर्मन नाव विकत घेतलं.

मग स्टाइनवे. २००९ पासून सामिकने तिचे शेअर गोळा करायला सुरुवात केली आणि हिस्सा जवळपास एक तृतीयांशावर नेला. एक तृतीयांश हिस्सा म्हणजे मालकी नव्हे. पण शेअरधारकांत सगळ्यात मोठं नाव तुमचं असतं, संचालक मंडळात तुमचं ऐकलं जातं, आणि कंपनी विक्रीला निघाली तर तुम्हाला डावलून सौदा करणं कठीण होतं. २०१३ मध्ये ती विक्रीला निघालीच. एका गुंतवणूक कंपनीने शेअरला ३५ डॉलर देऊ केले. अमेरिकन गुंतवणूकदार जॉन पॉल्सन यांनी ४० डॉलर दिले, एकूण सुमारे ५१.२ कोटी डॉलर, आणि स्टाइनवे त्यांची झाली. सामिकचे शेअर कितीतरी स्वस्तात घेतलेले होते, त्यामुळे ती चांगल्या नफ्यात बाहेर पडली. पण पियानोच्या झाकणावरचं ते नाव काही तिला मिळालं नाही.

झायलर मात्र तिच्याकडे राहिली, आणि सामिकचं सगळं आजचं गणित त्या एका नावात बघायला मिळतं. एडुआर्ट झायलर यांनी १८४९ मध्ये लीगनिट्स गावात पियानो बनवायला सुरुवात केली. ते गाव तेव्हा प्रशियात होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते पोलंडमध्ये गेलं, आज त्याला लेग्नित्सा म्हणतात. कंपनीला पश्चिम जर्मनीत यावं लागलं आणि ती बव्हेरियातल्या किट्सिंगेन गावात स्थिरावली. म्हणजे कोरियन मालक येण्याआधीच ते नाव एकदा देशोधडीला लागून पुन्हा उभं राहिलं होतं. सामिकने त्या नावाचे थर केले. किट्सिंगेनमध्ये बनणारा नुसता ‘झायलर’ सगळ्यात महाग. त्याखाली ‘एडुआर्ट झायलर’ आणि ‘योहानेस झायलर’, रचना जर्मन पण बनतात त्याच चिलुंग्सीच्या कारखान्यात.

कधी अशा पियानोसमोर बसायची वेळ आली, तर झाकण उघडल्यावर सोनेरी अक्षरांत एका जर्मन माणसाचं नाव दिसेल. वाजवून झाल्यावर वरचं फळकूट उचलून आत बघा. बिडाच्या चौकटीवर किंवा पाठीमागच्या छोट्या चिठ्ठीवर अनुक्रमांक असतो आणि त्याच्याजवळ देशाचं नाव. तिथे इंडोनेशिया लिहिलेलं आढळलं, तर त्या बोगोर जिल्ह्यातल्या कुणीतरी त्यातल्या ८८ हातोड्या एकेक करून हाताने जमवल्या आहेत.